माळीण दाराशी, विमान डोक्यावर

दोन वर्षांपूर्वीच्या महाशिवरात्रीला आमच्या कॉलनीतल्या महादेव मंदिरात गिरिधरबुवांचं कीर्तन अर्धवट राहिलं, आणि त्याचं खापर एका दोन माणसं बसतील एवढ्याशा विमानावर फुटलं. फोडणारा मीच होतो.

गिरिधरबुवा सक्करदऱ्याला राहतात. वय एकोणऐंशी. पांढरं उपरणं, हातात झांज, आणि लाऊडस्पीकर लावायचा नाही ही एकच अट. "भोंग्यातून देव कानात जाते, पोटात नाही जात," असं ते म्हणतात. मी त्यांना एक्केचाळीस वर्षं ऐकतो आहे. माझी सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, टर्बाईनच्या शेजारी झाली. तिथं आम्ही एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचो. चहा पाहिजे असला तर अंगठा ओठाला लावायचा, साहेब आला तर कॉलर धरायची. एकतीस वर्षं असा मुकाभिनय केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर जगाकडून काही नको असतं. कुणीतरी आपल्यासमोर उभं राहून सावकाश, गोड आवाजात देवाची गोष्ट सांगावी, एवढंच. माझ्यासाठी ते कुणीतरी म्हणजे गिरिधरबुवा.

त्यांचं स्वतः रचलेलं एक आख्यान आहे, माळिणीचं. एक म्हातारी माळीण रोज देवाला हार नेते. एके दिवशी पायात काटा मोडतो, तिला उशीर होतो आणि ती पोचते तेव्हा देवळाचं दार बंद झालेलं असतं. बंद दाराशी उभी राहून ती देवाला जे बोलते, त्या एका वाक्यासाठी लोक दरवर्षी येतात. ते वाक्य मी इथं आत्ता सांगणार नाही. कीर्तनात पूर्वरंगाशिवाय उत्तररंग नाही.

तर त्या वर्षी बुवा त्या दाराशी आले. "दार बंद झालं," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "दार बंद झालं." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी डोळे मिटले, की बुवा रंग भरताहेत. आणि नेमकं तेव्हा ते विमान आलं.

आमच्या कॉलनीपासून अडीच किलोमीटरवर विमान चालवायला शिकवणारी एक संस्था आहे. त्यांची शिकाऊ विमानं संध्याकाळी आमच्यावरून जातात. आवाज असा, की दळणाची चक्की आभाळात नेऊन सुरू केली आहे. विमान गेलं, पण बुवांनी झांज खाली ठेवली. वर पाहून म्हणाले, "आज देवाशी बोलणारं दुसरं कोणी जोरात आलं बापा," आणि उपरणं झटकून ऑटोत जाऊन बसले. पाचशे माणसं माळिणीसारखी दाराशीच राहिली.

पुढच्या वर्षी मंदिर समितीनं बोलावणं पाठवलं तर बुवांचा निरोप आला, "गुडघे म्हणून राहिले, आता बसून ऐक. एक डाव माळीण पुरी करून देतो. पण ते वरचं बंद असलं तं येतो." समितीत शांतता पसरली. त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला, "आवाजाचं मी पाहतो."

घरी आल्यावर हे मी सौ. सुमतीला सांगितलं. ती म्हणाली, "आपला मिक्सर आठ महिन्यांपासून दुरुस्त होऊन नाही राहिला, अन् तुमी विमान चूप करून राहिले."

शास्त्रीय काम आधी मोजमापानं सुरू होतं. मी धरमपेठेत जाऊन आवाज मोजायचं एक यंत्र आणलं. टीव्हीच्या रिमोटला स्पंजचं बोंड लावावं तसं दिसतं. पहिल्या दिवशी गच्चीवर खुर्ची टाकून मी नोंदी केल्या. विमान, चौऱ्याहत्तर डेसिबल. सुमतीचा नादुरुस्त मिक्सर, गच्चीपर्यंत येऊन, एक्क्याऐंशी. माझी शिंक, सत्त्याण्णव. शिंकेची नोंद मी खोडली, कारण ती यंत्राच्या फार जवळ झाली होती.

शेजारचा जितेंद्र विमा विकतो, त्यामुळे त्याला कुठल्याही विषयावर मत द्यायला तयारी लागत नाही. तो यंत्र मागून घेऊन मंदिरात भजनाच्या तालमीला गेला आणि परत येऊन म्हणाला, "काका, आपलं भजन ब्याण्णव दाखवून राहिलं. विमान तं गरीब आहे बिचारं."

मी त्याला शांतपणे समजावलं की भजनाचा आवाज नसतो, गजर असतो. यंत्राला तेवढा फरक कळत नसेल तर दोष यंत्राचा आहे. तरी ती नोंद मी वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलनं केली.

यानंतर अर्ज. अर्ज म्हटलं की आमच्याकडे धम्मानंद. कोराडीला आम्ही एकाच पाळीत होतो, मी टर्बाईनवर आणि तो टाइम ऑफिसात. कॉलनीत तो माझ्या समोरच्या ओळीत राहतो. देवळाच्या आत येत नाही, पण गिरिधरबुवा असले की कुंपणाच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा असतो. विचारलं तर म्हणतो, "देव तुमचा, गळा सगळ्याईचा." त्यानं अर्ज केला की कचेरीतल्या माणसाला तो नाकारताना स्वतःची लाज वाटते. माझा मसुदा वाचून तो म्हणाला, "शालिकभाऊ, तुम्ही 'असह्य' शब्द पाच डाव लिहिला. एकदा लिहा. बाकी आकडे लिहा. सरकारले असह्य समजत नाही, चौऱ्याहत्तर समजते."

तो अर्ज तीन प्रतींत घेऊन मी प्रदूषण नियंत्रणाच्या कचेरीत गेलो. तळमजल्यावरच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आवाज कायचा?"

"विमानाचा."

"लाऊडस्पीकरचा असता तं आमच्याकडे होता. डीजे, बँड, फटाके, जनरेटर. जमिनीवर आहे की नाही तुमचा आवाज?"

"हवेत आहे."

"मंग हवेचं तिसऱ्या माळ्यावर."

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या माळ्यावरच्या गृहस्थांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "धूर निघते काय?"

"नाही. आवाज निघतो."

"मंग आवाजाचं खाली."

"खाली म्हणाले हवेचं वर."

"हवेत आहे हे मान्य आहे," ते फार सहानुभूतीनं म्हणाले, "पण हवा नाही ना ते."

शेवटी दोन माळ्यांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर बसणाऱ्या एका सज्जनांनी मला फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'आवाज करणाऱ्याचा संपूर्ण पत्ता'. मी लिहिलं, 'आमच्या कॉलनीच्या वर, अंदाजे साडेसहाशे फूट.' त्यांनी पिन कोड विचारला. मी कॉलनीचाच दिला. शेवटी विमान आमच्या हद्दीत होतं.

महिनाभर काही झालं नाही. शिवरात्र आठ दिवसांवर आली. बुवांना 'या' म्हणून कळवून टाकलं होतं आणि मी रात्रंदिवस महादेवाला साकडं घालत होतो. तेवढ्यात एके सकाळी दारात एक मुलगी उभी. पाठीवर पिशवी, हातात माझ्या अर्जाची प्रत. तिचं नाव मोनाली. त्याच विमान शिकवणाऱ्या संस्थेत ती इंजिनीअर होती.

मी भांडणाच्या तयारीनं पुढे झालो. ती म्हणाली, "काका, आकडे लिहिलेली तक्रार पहिल्यांदाच आली आमच्याकडे. बाकी लोक नुसते शिव्या लिहितात. मी तर अर्ज फाइललाच लावून टाकला." माझं भांडण तिथंच बसलं. सुमतीनं तिच्यासाठी तर्री-पोहे केले, आणि मोनालीनं बशीवरच मला विमानाचं शास्त्र सांगितलं.

मला आजवर वाटत होतं की विमानाला माझ्या जुन्या स्कूटरसारखा सायलेन्सर लावला की झालं. ती म्हणाली, सायलेन्सर पाहिजेच, पण इंजिनापेक्षा पुढचा पंखाच जास्त ओरडतो. पंख्याच्या पात्यांची टोकं इतकी जोरात फिरतात की ती आवाजाच्या वेगाच्या जवळ जातात, आणि हवा किंचाळते. पाती आखूड केली, दोनाच्या जागी तीन लावली आणि फेरे कमी केले की किंचाळी उतरते. तिनं संस्थेकडून तसा पंखा आणि सायलेन्सर बसवायचा प्रस्ताव केला होता, पण आधी जुन्या विमानाचा आवाज नियमाप्रमाणे मोजून दाखवायचा होता, तेव्हाच नवा बसवायची परवानगी मिळणार.

"पाती आखूड, दम कमी, पण काम तेवढंच," मी म्हणालो. "म्हणजे आमचे बुवा."

"बरोबर," ती म्हणाली. तिनं बुवांना पाहिलेलं नव्हतं.

नियम असा, की विमान धावायला लागतं तिथून अडीच किलोमीटरवर, नेमकं विमानाच्या वाटेखाली, मोकळ्या जागेत माईक ठेवायचा आणि विमानाच्या सहा चांगल्या फेऱ्या मोजायच्या. मोनालीनं मोबाईलवर जागा शोधत शोधत कॉलनी पार केली, आणि ती जागा निघाली मंदिराच्या मैदानात, बेलाच्या झाडापासून वीस पावलांवर. मी मनात हात जोडले. यात महादेवाचा हात आहे हे कुणी मला सांगायची गरज नव्हती.

"एकच अडचण आहे," ती म्हणाली. "मोजताना आजूबाजूला अजिबात आवाज नको. विमानापेक्षा पुष्कळ खाली पाहिजे."

"म्हणजे विमान चूप करायसाठी," सुमती म्हणाली, "आधी कॉलनी चूप करायची."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, सकाळी सातला, हवा स्थिर असताना फेऱ्या ठरल्या. मी घरोघरी जाऊन सूचना दिली. कुकर लावू नका, मिक्सर लावू नका, कुत्रा आत बांधा. "अन् खोकला आला तं?" जितेंद्रनं विचारलं. मी म्हणालो, विमान गेल्यावर खोका.

मोनालीनं मैदानात एक पांढरी गोल पत्र्याची ताटली जमिनीवर ठेवली, तिच्या मधोमध माईक, आणि माईकवर काळ्या स्पंजची अर्धगोल टोपी. वारा लागू नये म्हणून. मग तिनं रेडिओवर निरोप दिला आणि पहिली फेरी आली. त्याच क्षणी भाजीच्या गाडीवरचा भोंगा "आलू घ्या, कांदा घ्या" करत वळणावर अवतरला. बाद. दुसऱ्या फेरीला कुणाचा तरी कुकर शिटी देऊन गेला. कुणाचा ते मी पुढे शोधलं, तर तो आमचाच निघाला. बाद. तिसऱ्या फेरीला सगळं शांत होतं. फक्त कुंपणाजवळ दोन पोक्त बायका लग्नाबद्दल बोलत होत्या. मी त्यांच्याकडे धावलो आणि म्हणालो, "चूप बसा." मोनालीनं वहीत लिहिलेलं मी वाचलं. 'फेरी तीन, बाद. पुरुषाचा आवाज, अठ्ठ्याऐंशी.'

अशा रीतीनं पाच चांगल्या फेऱ्या मिळवायला विमानाला अकरा वेळा आमच्या डोक्यावरून जावं लागलं. साडेनऊपर्यंत माझ्याभोवती माणसं जमली. "शालिकराव, आधी ते दिवसातून तीनदा जात होतं," एक जण म्हणाला. "तुमच्या तक्रारीपायी अकरादा जाऊन राहिलं. अजून एखादी तक्रार आहे काय?" मी मान खाली घातली. खालच्या मानेनं उभा असलेला माणूस आतून किती ताठ असतो, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

सहावी फेरी उरली. मोनाली थकली होती. सुमतीनं तिला ओढून चहाला नेलं, मीही गेलो. वीस मिनिटांनी परत आलो तर मैदानात रांग लागली होती.

रांगेच्या तोंडाशी तुळसाबाई होत्या. सकाळी मंदिर झाडणं आणि महादेवाला पहिलं पाणी घालणं हा मान त्यांचा. त्या बेलाची पानं तोडायला आल्या, आणि शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, बेलाच्या झाडाजवळ, जमिनीतून वर आलेली एक पिंड त्यांना दिसली. काळी, गुळगुळीत, गोल पांढऱ्या शाळुंकेत बसलेली. त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. आधी नमस्कार, मग तांब्याभर पाणी, मग दूध, मग बेल, मग धोत्र्याचं फूल.

मोनाली तिथंच खाली बसली.

"काहून वं पोरी," तुळसाबाई प्रेमानं म्हणाल्या, "रडून राहिली? दर्शन झालं तुले. नशीबवान आहेस."

मी तुळसाबाईंना समजावायला पुढे झालो. पण मला खरं सांगायला हवं. पानाफुलांत ओली, दुधात भिजलेली ती काळी पिंड पाहून माझेही हात आपोआप जोडले गेले. समजावण्याचं काम त्यामुळे थोडं मागे पडलं.

"माईक आहे तो, तुळसाबाई," मी शेवटी म्हणालो. "आवाज ऐकायचं यंत्र."

तुळसाबाईंनी थोडा विचार केला. "मंग त्यानं ऐकलं असंल ना," त्या म्हणाल्या. "मी सांगून टाकलं त्याले, माह्या सुनेचा हात दुखते ते."

माईक नेतो म्हटल्यावर बायका नाही म्हणाल्या. पूजा झालेली वस्तू अशी उचलता येत नाही, उत्तरपूजा करावी लागते. ती झाली. मोनालीनं यजमान म्हणून डोळ्यांना पाणी लावलं आणि अक्षता वाहिल्या. माईक मात्र तेव्हापासून कुणाचंच ऐकत नव्हता. संस्थेत एक जुना माईक होता, तो दुसऱ्या दिवशी आणून सहावी फेरी संध्याकाळी सहाला, कीर्तन संपल्यावर, सूर्यास्ताच्या आधी घ्यायची असं ठरलं. संस्थेच्या मुख्य शिक्षकांनी मोनालीच्या शब्दावर आणखी एक मोठेपणा केला. शिवरात्रीला चार ते सहा एकही विमान उडणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. तो कागद मी सुमतीला दाखवला, जितेंद्रला दाखवला, आणि भाजीवाल्यालाही दाखवला.

शिवरात्रीला मैदान भरलं. आभाळ मोकळं, निळं, रिकामं. मला वाटत होतं की ते आभाळ मी स्वतः झाडून घेतलं आहे. बुवा आले. ऑटोतून उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. त्यांनी वर पाहिलं आणि मला विचारलं, "येत नाही ना गा ते?"

"नाही येत बुवा. लेखी आहे."

"बरं केलं," ते म्हणाले. पण म्हणाले फार हळू.

पूर्वरंग झाला. आवाज पातळ झाला होता, वरच्या पट्टीत जाताना बुवा मागच्या टाळकऱ्यांकडे पाहत आणि ते लोक अलगद उचलून घेत. तरी मला काही कमी वाटलं नाही. मैदानाच्या मागच्या टोकाला, दोरी बांधलेल्या जागेत मोनाली दुसऱ्या माईकजवळ रेडिओ घेऊन बसली होती. शेजारी तुळसाबाईंना पहाऱ्याला बसवलं होतं, कुणी पाणी घालू नये म्हणून. कुंपणाला टेकून धम्मानंद.

उत्तररंग सुरू झाला. माळीण निघाली. काटा मोडला. लंगडत लंगडत ती आली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी देवळाचं दार बंद झालं.

"दार बंद झालं," बुवा म्हणाले.

पाचशे माणसांनी श्वास धरला.

"दार बंद झालं," बुवा पुन्हा म्हणाले. झांज वाजवली. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. "दार... बंद झालं."

मी अगदी पुढे बसलो होतो. आदल्या वर्षी याच जागी मी डोळे मिटले होते. या वेळी उघडे होते. बुवांची नजर समोर कुठंच नव्हती. ओठ हलत होते, त्यातून काही येत नव्हतं. त्यांनी एकदा वर पाहिलं. रिकाम्या, स्वच्छ, लेखी बंद केलेल्या आभाळाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला सगळं कळलं. आदल्या वर्षी विमानानं बुवांचं वाक्य बुडवलं नव्हतं. वाक्य आधीच बुडालं होतं. विमानानं फक्त ते कुणाला दिसू दिलं नव्हतं. वरचं बंद असलं तं येतो म्हणण्यात बुवांनी स्वतःलाही फसवलं होतं, आणि मी तीन प्रतींत अर्ज करून, कचेरीचे जिने चढून, या माणसाची शेवटची आडोशाची जागा काढून घेतली होती.

वाक्य मला येत होतं. सगळ्यांना येत होतं. पण ते आपण म्हणायचं नसतं. बुवांना वाक्य सुचवणं म्हणजे पाचशे माणसांसमोर त्यांना हात धरून खाली बसवणं.

मी उठलो. कीर्तनात पहिल्या रांगेतून उठणारा माणूस मला आजवर कधीच आवडला नाही. लोक माझ्याकडे पाहत होते त्या नजरांमधून मी वाकून, कडेकडेनं मागे गेलो आणि मोनालीजवळ बसलो.

"ती सहावी फेरी," मी म्हणालो, "आत्ता करा."

"आत्ता? काका, कीर्तन चालू आहे. मोजमापात टाळ येतील."

"येऊ द्या."

"तुम्हीच तर चार ते सहा..."

"पोरी," मी म्हणालो, "विमान पाठव."

तिनं माझ्याकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. पोरगी हुशार. पुढे एक शब्द न विचारता रेडिओ तोंडाशी धरला. सहाच्या फेरीसाठी विमान इंजिन गरम करून धावपट्टीच्या टोकाला उभंच होतं.

ती दोन मिनिटं कशी गेली ते महादेवाला माहीत. बुवांनी धृपद धरलं होतं, टाळकरी तेच तेच फिरवत होते, आणि आता समोरच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती. मी आयुष्यात पुष्कळ प्रार्थना केल्या, पण दोन पात्यांच्या पंख्यासाठी केली ती तीच.

मग ते आलं. दळणाची चक्की, आभाळात. टाळ थांबले. पेटी थांबली. लोक चिडून वर पाहू लागले आणि मग बुवांकडे पाहू लागले, की आता पुन्हा झांज खाली ठेवतात काय. कुणी खोकला नाही. कुणाचं पोर रडलं नाही. कॉलनीतला एकही कुकर बोलला नाही. पाचशे माणसं हलायचीही थांबली.

बुवांनी डोळे मिटले. विमान डोक्यावरून सावकाश पलीकडे गेलं, चक्की बारीक होत होत माशी झाली, आणि माशीही गेली. बुवांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर लहान मुलाला खिशात हरवलेलं बोर सापडावं तसा आनंद होता.

"दार बंद झालं," ते म्हणाले. "तं माळीण म्हणे, देवा, असू दे बंद. मी हार उंबऱ्यावर ठेवून जाते. तू सवडीनं घाल."

 मग जो गजर झाला तो माझ्या यंत्रात मावला नसता. कुंपणाशी धम्मानंद चष्मा पुसत होता. तुळसाबाईंनी माईकला हात जोडले आणि कुणाला दिसणार नाही असं एक बेलपान ठेवलं.

मोनालीचा अहवाल मी नंतर वाचला. सहाव्या फेरीपुढे लिहिलं होतं, 'सर्वोत्तम नोंद. आजूबाजूला आवाज नाही.'

बुवा निघताना मी त्यांच्या पाया पडलो. मान वर करायची हिंमत होत नव्हती. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि ऑटोत बसता बसता म्हणाले, "लेखी होतं ना गा तुह्याजवळ?"

"होतं बुवा. चूक झाली त्यांची."

"त्या चूक करणाऱ्याले माहा नमस्कार सांगजो," बुवा म्हणाले. "पुढच्या वर्षी गुडघे असले तं येतो."

यानंतरची हकीकत थोडक्यात. मोनालीचा प्रस्ताव दिवाळीत मंजूर झाला. तीन आखूड पात्यांचा पंखा बसला, सायलेन्सर बसला, आणि कॉलनीवरून जाताना इंजिनाचे फेरे कमी करायचे असं ठरलं. मी गच्चीवर यंत्र घेऊन बसलो. चौऱ्याहत्तरचे अडुसष्ट झाले. कॉलनीनं मंदिरात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. विमान आता इतकं सभ्यपणे जातं की त्याच्याखाली एखादा माणूस नुसता पुटपुटला तरी पहिल्या रांगेत ऐकू येतं.

हाच घोर मला लागला आहे. शिवरात्री तीन आठवड्यांवर आली. बुवांचा निरोप आहे, येतो म्हणून. काल संध्याकाळी धम्मानंदकडे गेलो. संस्थेच्या शेडमध्ये जुना दोन पात्यांचा पंखा अजून ठेवलेला आहे, हे मी मोनालीकडून काढून घेतलं होतं. धम्मानंदनं सगळं ऐकलं, कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि विषयाच्या ओळीत लिहिलं, 'महाशिवरात्रीस एका फेरीपुरता आवाज वाढवून मिळणेबाबत.'

"कारण काय लिहू, शालिकभाऊ?" त्यानं विचारलं.

मी आधी आभाळाकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग त्यानं स्वतःच लिहिलं, 'धार्मिक', आणि खाली तीन प्रतींची खूण केली.